बेसमेंटचं फ्रेमिंग ड्रायवॉलमागे झाकलं गेलं आणि आमचे पैसेही

न्यू जर्सीत बेसमेंट फिनिश करून घेणार असाल तर हे वाचा, आणि काम 'आपल्या माणसाला' देणार असाल तर दोनदा वाचा. २०२१ च्या सप्टेंबरात इडा वादळाचा पाऊस झाला तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी बेसमेंट नव्याने करून घेतलंय, त्यामुळे कॉन्ट्रॅक्टरचे नंबर मिळायला काही कमी नाही, एकाला विचारलं की तिघं देतात. आम्हाला मिळाला तो मराठी बोलणारा, चहा प्यायला निवांत बसला, आईच्या पाया पडला (हो, खरंच), आणि कागद पण चोख दिला. फ्रेमिंगचे, म्हणजे भिंतीच्या लाकडी सांगाड्याचे, उभे खांब (स्टड) दर १६ इंचांवर, काँक्रीटवर बसणारी खालची आडवी प्लेट प्रेशर ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाची, भिंतीला फोम बोर्ड, परमिट तो काढणार, सगळं लिहिलेलं. निम्मे पैसे आधी, का तर लाकडाचे भाव चढतायत, आणि उरलेल्यातले बहुतेक ड्रायवॉल, म्हणजे फ्रेमिंग झाकणारे जिप्समचे बोर्ड, लागलं की.

या शेवटच्या अटीतच सगळी मेख होती.

परमिटचं विचारलं की "झालंय सर, टेन्शन नका घेऊ". मग व्हॉट्सॲपवर एक फोटो आला, त्यात परमिट नंबर दिसतोय आणि पत्ता बरोब्बर फोटोच्या बाहेर. फ्रेमिंगचं इन्स्पेक्शनही म्हणे आम्ही दोघं ऑफिसात असताना होऊन गेलं, आणि लगेच ड्रायवॉल चढलं, टेपिंग झालं, पैसे घेतले. पेंट आणि ट्रिम बाकी ठेवून गडी जो गायब झाला तो झालाच, आधी फोन उचलून कारणं द्यायचा, मग फोनही उचलेना.

टीव्हीचा ब्रॅकेट लावताना पहिल्यांदा शंका आली. १६ इंचांवर स्टड सापडेना. मग मी लोहचुंबक घेऊन भिंतभर ड्रायवॉलचे स्क्रू शोधत फिरलो तर सगळीकडे २४ इंच. आता २४ वर भिंत उभी राहत नाही असं नाही, वजन न पेलणाऱ्या भिंतीला बांधकामाचा कोडही तेवढं चालवून घेतो, पण पैसे १६ चे घेतलेत ना भाऊ. ४० फुटांच्या भिंतीला १६ वर ३१ स्टड लागतात, २४ वर २१, म्हणजे एका भिंतीतच दहा स्टड याच्या खिशात.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलं पण नसतं. एका कोपऱ्यात कुबट वास यायला लागला म्हणून खालचं ड्रायवॉल कापलं. प्लेट साधी पांढरी पाइनची, ट्रीटेड लाकडाला हिरवट झाक असते आणि टोकाला बहुतेक टॅग ठोकलेला असतो, इथे दोन्ही नाही, थेट काँक्रीटवर ठोकलेली आणि नख रुतेल इतकी ओली. काँक्रीट जमिनीतली ओल ओढून घेतं म्हणून तर ट्रीटेड वापरायचं असतं. फोम बोर्डचा पत्ता नाही, फ्रेम काँक्रीटला चिकटून, आत साधी ग्लासवूल कोंबलेली, तिच्यावर प्लास्टिक आणि मागे काळी बुरशी. ओल आत आली की बाहेर जायला वाटच नाही.

आणि फायरब्लॉकिंग शून्य. हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं, नंतर आलेल्या म्हाताऱ्या सुताराने दाखवलं. भिंतीच्या आतली पोकळी वर छतापाशी आणि आडवी दर १० फुटांवर बंद करायची असते, नाहीतर बेसमेंटमध्ये आग लागली तर ती भिंतीतून चिमणीसारखी वर झोपायच्या खोल्यांकडे जाते. दहा स्टडची चोरी मी एकवेळ हसून सोडली असती, पण वर आई झोपते.

टाऊनशिपच्या कन्स्ट्रक्शन ऑफिसात फोटोतला नंबर दिला तर ते निघालं दुसऱ्याच कुणाच्या डेकचं परमिट. आमच्या पत्त्यावर काहीच नाही. म्हणजे इन्स्पेक्शनही झालेलं नाही, आणि आता रीतसर करायचं तर लावलेलं ड्रायवॉल उघडा. खर्च अर्थात आमचा.

तर काम सुरू होण्याआधी त्या ऑफिसात स्वतः फोन करा, परमिट कुणाच्या नावाने आहे ते दोन मिनिटांत कळतं. पैशांचा मोठा हप्ता ड्रायवॉलला बांधू नका, फ्रेमिंग इन्स्पेक्शन पास झाल्याला बांधा, आणि त्या दिवशी घरी थांबा. इन्स्पेक्टर येईपर्यंत भिंत उघडीच राहिली पाहिजे, "सर उगाच उशीर होतोय" म्हणाला तरी. प्लेटचा, स्टडच्या अंतराचा, कोपऱ्यांचा टेप लावून फोटो काढा. इथे ५०० डॉलरच्या वरच्या घरकामाला लेखी करार लागतो आणि त्यावर राज्याचा रजिस्ट्रेशन नंबर लागतो, १३ व्हीएच ने सुरू होणारा. तो डिव्हिजन ऑफ कन्झ्युमर अफेअर्सच्या साइटवर टाकून बघा, नाव जुळतंय का तेही बघा, कारण आमच्या करारावरचा नंबर खरा होता, फक्त दुसऱ्याच कंपनीचा होता.

तिथेच तक्रार केलीये. वकील म्हणते कन्झ्युमर फ्रॉड ॲक्टखाली नुकसानीच्या तिप्पट मागता येते, पण मागणं वेगळं आणि त्याच्याकडून वसूल होणं वेगळं. प्रकरण चालू आहे म्हणून नाव इथे टाकत नाही. सेंट्रल जर्सीत कुणाला असाच गोड बोलणारा भेटला असेल तर त्याच्या करारावरचा नंबर मला कळवा, ताडून सांगतो.