२५,४५० रुपयांचा डबा आणि एक चुकलेला आकडा

गाडीचा जुना पार्ट मागवताना फसलो, एकूण गेले २५,४५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरी तो तोंडातून बाहेर पडायला अकरा दिवस लागले.

गाडी २०१० ची डिझेल एसयूव्ही, १ लाख ८४ हजार किलोमीटर फिरलेली. गेली सहा वर्षं तिने गॅरेजचं तोंड पाहिलेलं नाही. ग्लो प्लग, ईजीआरची सफाई, अल्टरनेटरचे कार्बन, सेल्फचा बेंडिक्स, सगळं पार्किंगमध्ये माझ्याच हाताने केलेलं. हे मिरवायला सांगत नाही. उलट त्यातच मी सापडलो. ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ वाचून हसणाऱ्यांतला मी.

दुखणं असं होतं: चालता चालता इंजिन बंद पडायचं, डॅशवरचे सगळे दिवे एकदम पेटायचे आणि मिनिटभराने सेल्फ मारला की जणू काही झालंच नाही. स्कॅनरवर दोन कोड येत होते, क्रँक सेन्सरचा पी०३३५ आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरशी, म्हणजे ईसीएमशी, संपर्क तुटल्याचा यू०१००. क्रँक सेन्सर बदलला, १,३५० रुपये. (ते वरच्या हिशोबात नाहीत.) फरक शून्य. मग डोक्यात ईसीएम बसला तो बसलाच.

जुन्या पार्टांची एक जाहिरात मोबाईलवर दिसली, फोन लावला. पलीकडचा माणूस भावाचं बोललाच नाही. ‘दादा, की ऑन केल्यावर चेक लाइट येते का? सेल्फ फिरताना टॅकोचा काटा थोडा तरी हलतो का?’ प्रश्न अगदी बरोबर आहेत. क्रँकचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचतोय की नाही, याचा अंदाज इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या या काट्यावरूनच घेतात. मला चुना लावायला निघालेला माणूस टॅकोचा काटा विचारेल, असं कुणाच्या मनात येईल? तुमच्या आलं असतं का, प्रामाणिकपणे सांगा.

अपघातातल्या गाडीचा ईसीएम आहे म्हणाला. १८,५०० रुपये, त्यातले ५,००० बुकिंगला, बाकी पॅकिंगचा फोटो आल्यावर. आणि स्टिकरवरचा पार्ट नंबर पाठवा, म्हणजे मॅच करतो.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच मी गाढव ठरलो. डॅशखाली डोकं घालून, टॉर्च दातात धरून मी नंबर वाचला आणि टाइप केला. शेवटचे तीन आकडे ४७३ होते. मी टाकले ४७८. वीस मिनिटांत फोटो आला. हातात धरलेला ईसीएम, केसिंगवर धूळ, कपलरच्या खाचेत माती आणि वर स्टिकर, शेवटी ४७८. माझी चूक त्याच्या ‘अपघातातल्या गाडीच्या’ पार्टवर छापून आली होती! अख्ख्या ईसीएमवर धूळ, स्टिकर मात्र लख्ख.

आणि मला ते दिसलं. न दिसतं तर निदान झोप तरी लागली असती. मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा टॉर्च दातात, पाहिलं तर माझ्या ईसीएमवर ४७३. दोन मिनिटं तिथेच गुडघ्यावर बसलो होतो. मग स्वतःलाच समजावलं की ३ आणि ८ काय, शेवटचा आकडा नंतरच्या सुधारित मालाचा असेल. नंबर त्याच्याकडे माझ्याच मेसेजमधून गेलाय, हे कसं सुचलं नाही? ढिल्या कपलरवरून वायरमनची अक्कल काढणारा मी, उठलो, हात पुसले आणि ५,००० पाठवले.

पॅकिंगचा फोटो आला, १३,५०० गेले. मग मला मध्येच शहाणपण सुचलं. जुना ईसीएम त्याच्या गाडीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या लॉकशी) आणि किल्लीशी बांधलेला असतो, नुसता लावून गाडी चालू होत नाही. तसं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, ‘बरोबर बोललात, म्हणूनच प्रोग्रॅमिंगचे ४,२०० वेगळे.’ शंका मी पुरवली, बिल त्याने फाडलं. वर कुरिअरच्या विम्याचे २,७५०, ‘पार्सल मिळालं की परत’. बेरीज तुम्हीच करा.

सहाव्या दिवशी पार्सल आलं. आत कुठल्याशा छोट्या पेट्रोल गाडीचा ईसीएम, कपलरच वेगळा, पिना पाण्याने हिरव्या पडलेल्या. फोन केला तर ‘दुसऱ्याचं पार्सल चुकून आलं, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल.’ तिथे मात्र मी फोन ठेवला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं मला कळतं. अकलेचा तेवढाच अवशेष शिल्लक होता. त्यानंतर नंबर बंद.

आता पुढची वरात. बँक म्हणाली, व्यवहार तुम्हीच मंजूर केलेत. पोलीस ठाण्यात विचारलं, ‘पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ तिथल्या खिडकीवर म्हणाले, विक्रेत्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी तुमच्या खिडकीशी कशाला आलो असतो? पुन्हा ठाण्यात. चारशेवीस जाऊन आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, मी वाचून गेलो होतो. समोरच्याने माझ्याकडे असं पाहिलं की गुन्हा मीच केलाय. तिसऱ्या खेपेला एकाने डबा हातात घेऊन उलटसुलट केला आणि विचारलं, ‘गाडी गॅरेजला का नाही टाकली?’ चार खेपा, तीन अर्ज, स्क्रीनशॉटच्या दोन-दोन प्रती माझ्याच खर्चाने, आणि हातात काय? पोच. तीही मागून घेतलेली. ठग निदान फोन तरी उचलत होता!

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन मी नवव्या दिवशी केला, ती चूक माझी. पैसे गेले की त्याच तासाला करायचा असतो, पुढच्या खात्यातून निघायच्या आत रक्कम अडवता आली तर आली. मी आधी लाजत बसलो. ग्राहक आयोगाकडे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. खिडकीवरच्या माणसाने हेसुद्धा सांगितलं नाही.

खरा संताप पुढे आहे. एका रविवारी चिडून मल्टिमीटर काढला. की ऑन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. काळी प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल बॉडीवर. जिथे जेमतेम ०.१ व्होल्ट दिसायला हवा, तिथे १.१. बॅटरीचा ट्रे उचलला. बॅटरीवरून बॉडीला जाणारी अर्थची वायर वरून काळीभोर, ठणठणीत. वाकवली तर आवरणाच्या आत हिरवा भुगा. नवी वायर २२० रुपये, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरने घासायला दहा मिनिटं. त्यानंतर २,३०० किलोमीटर झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही. ईसीएमला काही झालंच नव्हतं.

यू०१०० आला की आधी सप्लाय आणि अर्थ मोजा, लोड देऊन, म्हणजे दिवे-ब्लोअर चालू ठेवून मोजा. वायर तुटलेली नाही असं सांगणारं मीटरचं कंटिन्युइटीचं बीप नुसतं ऐकून खूश होऊ नका, चार तारा शाबूत असल्या तरी बीप वाजतं. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. आणि जुना पार्ट विकणाऱ्याला नंबर कधी सांगू नका, त्याच्याकडून मागा. सांगावाच लागला तर मुद्दाम एक आकडा चुकवा.

मी तेच केलं. मागच्या आठवड्यात वेगळ्या नंबरवरून अल्टरनेटरची जाहिरात दिसली, फोटोत तोच हात, तीच करंगळीतली अंगठी. बायकोच्या फोनवरून चुकीचा नंबर पाठवला. बारा मिनिटांत धुळीने भरलेला अल्टरनेटर आला, माझ्या चुकीच्या नंबरासकट. स्क्रीनशॉट घेऊन ठाण्यात गेलो. साहेब राउंडला गेले होते. सोमवारी या म्हणाले.