दारू बदलली, बॅरल किती वाचलं? चौदा महिन्यांचा हिशेब

मध्यंतरी आईचा फोन आला तेव्हा मी गॅरेजमध्ये तराजूपाशी होतो. "काय करतोयस?" तिने विचारलं. "दारू मोजतोय," असं तोंडून निघून गेलं आणि पुढची दहा मिनिटं खुलासा करण्यात गेली. मराठीत पिण्याच्या आणि बंदुकीच्या दारूला शब्द एकच, त्याला माझा इलाज नाही. इथे मात्र घोळ नको म्हणून पावडर म्हणतो.

मी अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ राहतो. व्हिसावर होतो तोवर बंदुकीला हात लावला नाही. ग्रीनकार्ड झाल्यावर एक बोल्ट अ‍ॅक्शन रायफल (दर गोळीला हाताने मागची दांडी, म्हणजे बोल्ट, ओढायची) घेतली, ६.५ क्रीडमूर काडतुसाची. महिन्यातून दोन-तीनदा बेन अ‍ॅव्हरीच्या रेंजवर जातो, हजार यार्डांपर्यंत कागद आणि लोखंडी पाट्यांवर नेम धरतो आणि वापरलेल्या पुंगळ्या घरी आणून पुन्हा भरतो. भारतात काडतूस भरणं हे शस्त्र कायद्याखाली परवान्याचं काम आहे, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी हे नुसतं वाचावं. कोल्हापूरचे नातेवाईक विचारतात, "म्हणजे स्वप्नील कुसाळेसारखं का?" तसं नाही. त्याला २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळालं ते ५० मीटरच्या पॉइंट टू टूमध्ये. ते काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवायचा मसाला पुंगळीच्या कडेतच, त्यामुळे पुन्हा भरता येत नाही, आणि त्यात पावडर इतकी चिमूटभर की बॅरल वर्षानुवर्षं टिकतं. माझं दुखणं मोठ्या काडतुसांचं आहे.

दुखणं असं. बॅरल झिजतं ते बहुतेक मागच्या टोकाला. पुंगळीचं तोंड संपतं आणि आटे (नळीच्या आतल्या पिळदार खाचा) सुरू होतात तो जेमतेम इंच-दोन इंचांचा भाग, म्हणजे थ्रोट. गोळीच्या तांब्याने पोलाद घासतं हा गैरसमज मलाही होता. खरं काम करतो तो गॅसचा झोत. क्षणभरच टिकतो, पण पोलादाचा वरचा थर भाजून काढतो. तो थर कडक आणि ठिसूळ होतो, त्याला तडे जातात, पुढचा झोत तड्यांच्या कडा उडवतो. बोअरस्कोप, म्हणजे नळीत जाणारा बारीक कॅमेरा, घालून पाहिलं तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळ्याच्या गाळासारखं दिसतं. थ्रोट पुढे सरकतो आणि गोळीला आट्यांत शिरण्याआधी जास्त उडी मारावी लागते.

६.५ला हे लवकर होतं, कारण सरळ भूमिती. .३०८ विंचेस्टर या दुसऱ्या काडतुसात जवळपास तेवढीच पावडर जळते, पण त्याचं भोक मोठं. ६.५च्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे चतुर्थांशाने कमी. तेवढीच आग अरुंद बोळातून काढायची. म्हणून .३०८चं बॅरल पाच हजार राउंड, म्हणजे गोळ्या, सहज काढतं, तर क्रीडमूरवाले दोन ते तीन हजारांवर समाधान मानतात.

आता पावडर. ढोबळमानाने दोन घराणी. सिंगल बेस म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज. डबल बेस म्हणजे त्यात नायट्रोग्लिसरीनही. डबल बेसमध्ये ऊर्जा जास्त, वेग जास्त, आणि सहसा ज्वाळाही जास्त गरम. फिनलंडच्या विहताव्हुओरी कंपनीने तर नावांतच भेद ठेवलाय: एन १०० मालिका सिंगल बेस, एन ५०० मालिका नायट्रोग्लिसरीनवाली.

हा वाद जुना आहे हे मला मामांकडून कळलं. मामा भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झाले. कारखान्यातलं अक्षर बोलत नाहीत, पण इतिहास विचारला की खुलतात. "अरे, इंग्रजांचं पण हेच झालं होतं," म्हणाले. १८८९च्या पहिल्या कॉर्डाइटमध्ये, म्हणजे त्यांच्या डबल बेस पावडरमध्ये, ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होतं आणि ते तोफा-बंदुकांची बॅरलं खाऊन टाकायचं. पुढे १९०१च्या सुमारास कॉर्डाइट एमडी आलं, त्यात ते ३० टक्क्यांवर आणलं. त्यात ५ टक्के खनिज जेली, म्हणजे आपलं व्हॅसलीनही असायचं. टाकलं होतं बॅरलला वंगण म्हणून, उपयोगी पडलं ते पावडर टिकवायला. मामांना हा भाग फार आवडतो, दर वेळी सांगतात.

माझं पहिलं बॅरल मी डबल बेसवर वाजवलं. नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष पावडरपेक्षा माझाच होता, ते पुढे येईल. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) आकडा चढला की आनंद व्हायचा. काडतूस भरण्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाला चिकटून भरायचो. किती ग्रेन (पावडरच्या वजनाचं माप) ते इथे लिहिणार नाही, कुणी विचारूही नये. प्रत्येक रायफलीचं चेंबर (काडतूस बसतं ती जागा) वेगळं असतं आणि दुसऱ्याचा आकडा उचलून भरणारे लोक मी रेंजवर पाहिलेत. छापील मॅन्युअल घ्या, खालून सुरुवात करा.

या पावडरचा पहिला धडा बॅरलने दिलाच नाही, हॉपरने दिला. एका रात्री उरलेली पावडर मोजणीयंत्राच्या प्लॅस्टिक नळीत, म्हणजे हॉपरमध्ये, तशीच ठेवून झोपलो. असं दोन-तीनदा झालं. नळी आतून पिवळसर, धूसर झाली. कापडाने पुसलं, साबणाने धुतलं, डाग तसाच. नायट्रोग्लिसरीन प्लॅस्टिकला लागतं हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. आता काम संपलं की पावडर मूळ डब्यात, आणि टेबलावर एका वेळी एकच डबा. दुसरा डबा उघडा दिसला की मी स्वतःलाच ओरडतो. दोन पावडरी दिसायला सारख्या असतात आणि चुकीच्या डब्यात परत ओतलेली पावडर ओळखता येत नाही.

जुलैत गंमत झाली. गंमत म्हणजे आत्ता म्हणतो, तेव्हा घाम फुटला होता. सावलीत ४३ अंश, काडतुसांचा डबा बाकावर उन्हात. बोल्ट जड उठायला लागला आणि पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या पिनेचा) चकचकीत ठसा दिसला. म्हणजे दाब वाढलाय. त्यात हजार यार्डांवरचा ग्रुपही (गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) फाटलेला. मी घरी येऊन सरळ नवीन बॅरलची ऑर्डर दिली. आठवड्याने बोअरस्कोप घातला तर थ्रोटच्या तोंडाशी काळं, काचेसारखं कडक वलय. कार्बन रिंग. ब्रश आणि घासायच्या पेस्टने दोन संध्याकाळी घासल्यावर ती निघाली, डबा सावलीत गेला आणि ग्रुप पुन्हा निम्म्यावर आला. बॅरल संपलं नव्हतं, मी साफ केलं नव्हतं. ऑर्डर मात्र गेलेली, पैसे परत नाहीत.

त्यामुळे तेच बॅरल पुढे १,७०० राउंडपर्यंत वापरलं. मग दुसरं चढवलं: त्याच बनावटीचं, त्याच गनस्मिथने त्याच रीमरने (चेंबर कोरायचं हत्यार) कापलेलं. आणि पावडर बदलली, सिंगल बेसची एच ४३५०. क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नडी कंपनीने आणलं तेव्हापासून ही जोडी लोकांच्या तोंडी बसलेली आहे. हॉजडन कंपनीच्या डब्यात मिळते, पण तयार होते ऑस्ट्रेलियात मुलवाला गावी. तिकडे तिचंच नाव एआर २२०९. दाणे शेवयांच्या चुऱ्यासारखे, मोजणीयंत्रात कधी एखादा चिरडला जाऊन करकर आवाज येतो. गोल दाण्याच्या पावडरी राजगिऱ्यासारख्या सरसर घसरतात, तेवढं सुख हिच्यात नाही. पण उन्हाळ्यात दाब आणि वेग फार हलत नाहीत, आणि फिनिक्समध्ये राहणाऱ्याला ते सुख जास्त मोलाचं. यावेळी वेगही मी जवळपास ६० फूट प्रति सेकंदाने कमी ठेवला.

मोजमापाचं सांगतो. नवीन असताना गोळी आट्यांना कुठे टेकते ती लांबी गेजने घेतली आणि दर १०० राउंडनंतर पुन्हा. आपल्या वर्कशॉपात ज्याला थाउ म्हणतात त्या मापात, इंचाचा हजारावा भाग. माझ्या हाताची चूक एक-दोन थाउ धरा. पहिलं बॅरल १,५०० राउंडला ७४ थाउ पुढे सरकलं होतं. दुसरं तेवढ्याच राउंडला ३९.

हे आकडे पाहून मी महिनाभर मित्रांना सिंगल बेसचं माहात्म्य ऐकवत फिरलो. मग एका रविवारी वही नीट वाचली. दुसऱ्या बॅरलचे पहिले ६०० राउंड मी निवांत उडवले, पाच झाले की थांबा. त्यात १३ थाउ गेले. पुढचे ३०० क्लबच्या मॅचेसमध्ये, दीड-दोन मिनिटांत दहा गोळ्या, तेही उन्हाळ्यात. बॅरलला हात लागत नव्हता. त्या ३०० मध्ये १४ थाउ. नंतरच्या ६०० मध्ये पुन्हा निवांत, १२. पावडर तीच, लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या मालाचा क्रमांक) तोच. आणि पहिलं बॅरल? ते जवळजवळ सगळं मॅचेसमध्येच गेलं होतं, वर भरणा कडेपर्यंत. म्हणजे जे श्रेय मी पावडरला देत होतो त्यातलं बरंचसं घड्याळाचं, म्हणजे सावकाश गोळ्या झाडण्याचं होतं.

पावडरने काहीच फरक पडत नाही असं म्हणत नाही. थंड जळणारी पावडर, थोडा कमी भरणा, दोन्हींनी मदत होतेच. पण दोन बॅरलांवरून सिद्ध काही होत नसतं, आणि मी एकाच वेळी तीन गोष्टी बदलून बसलो होतो. शाळेतल्या प्रयोगवहीत हे लिहिलं असतं तर बाईंनी शेरा मारला असता.

कमी केलेल्या वेगाची किंमत काय? हजार यार्डांवर दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात दोन-तीन इंच जास्त सरकणं. वारा ओळखण्यात माझी चूक त्याच्या चौपट असते.

पैशांचंही मांडून पाहिलं. पाउंडाचा डबा सध्या ५५-६० डॉलरला पडतो, त्यात मला दीड-पावणेदोनशे काडतुसं मिळतात. ऑनलाइन मागवलं तर वर धोकादायक मालाची वेगळी फी, म्हणून एकदम मोठा आठ पाउंडी डबाच परवडतो, एकाच लॉटचा. बॅरल आणि गनस्मिथची मजुरी मिळून मला ८०० च्या आत गेलं. २,५०० राउंडांत पावडरच साधारण तेवढ्याची जळते, गोळ्या त्याहून महाग. ज्या बॅरलसाठी मी जीव टाकत होतो ते या हिशेबात सगळ्यात स्वस्त निघालं. बायकोला हे सांगितलं नाही.

मध्ये एच ४३५० मिळेनाशी झाली तेव्हा विहताव्हुओरीची एन १५० वापरून पाहिली. दाणे बारीक, मोजणी सुरेख, जळून उरणारी काजळी कमी. वेग थोडा कमी मिळाला, तक्रार नाही. घ्यायची तर मिळेल तेव्हा घ्या, आणि नवीन लॉट आला की भरणा पुन्हा खालून सुरू करा. नाव तेच असलं तरी लॉट बदलला की वेग हलतो, हे माझ्या क्रोनोग्राफने दोनदा दाखवलंय.

जुनं बॅरल कोपऱ्यात उभं आहे. गनस्मिथ म्हणतो मागून इंचभर कापून चेंबर पुन्हा काढून देतो, पाट्याला टाकी लावतात तसं, अजून हजारभर राउंड निघतील. मजुरी नव्या बॅरलच्या निम्मी. दिवाळीनंतर देईन म्हणतो. तोवर दुसऱ्यावर मॅचचे आणि सरावाचे राउंड वहीत वेगळ्या रकान्यांत लिहायला लागलोय, आणि मॅचमध्ये दहाव्या गोळीनंतर बोल्ट उघडा ठेवून बॅरलच्या मागच्या टोकात छोटा पंखा लावतो. शेजारच्या बाकावरचे हसतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाने पंखा कुठून घेतला ते विचारलं.