नाईट सफारी, सिंगापूर: ट्रॅम झाली की लगेच परत फिरू नका, छोटे शिकारी पायवाटेवर आहेत

सिंगापूरला जाणारे आपले बहुतेक लोक नाईट सफारी करतातच, टूरच्या पॅकेजमध्येच असते ती. आणि बहुतेकांची सफारी म्हणजे काय तर चाळीसेक मिनिटांची ट्रॅम, सिंह दिसला, हत्ती दिसले, गेंडा दिसला, चला आता बसमध्ये बसा. ट्रॅम छानच आहे, पण ह्या जागेचं खरं वैभव चालायच्या ट्रेल्सवर आहे आणि तिथे आपली मंडळी फिरकतच नाहीत ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी जागेबद्दल थोडं. १९९४ मध्ये सुरू झालेलं हे जगातलं पहिलं फक्त रात्रीचं झू, ३५ हेक्टर जंगलात. कल्पना डॉ. ओंग स्वी लॉ ह्यांची आणि सल्लागार होते कोलंबोच्या देहिवला झूचे माजी संचालक लिन डी अल्विस. प्रकाशयोजना सायमन कॉर्डर नावाच्या लाइटिंग डिझायनरची, टिपूर चांदण्यासारखा मंद उजेड, प्राणी बिचकत नाही आणि आपले डोळे सरावले की पाचेक मिनिटांत सगळं दिसायला लागतं. फक्त तेवढा वेळ मोबाईल खिशात ठेवा. फ्लॅशला बंदीच आहे.

फिशिंग कॅट ट्रेल आधी करा. हे मासे पकडणारं मांजर आपल्या घरच्या मांजरापेक्षा चांगलंच दांडगं असतं, आखूड शेपूट, बोटांमध्ये थोडा पडदा, पाण्यात उतरायला अजिबात न घाबरणारं. मी बघितलं तेव्हा ते पाण्याच्या अगदी कडेला दबून बसलं होतं, बराच वेळ काहीच हालचाल नाही, मागे लोक येऊन "काही नाहीये इथे" म्हणत पुढे जात होते, आणि मग त्याने एक पंजा हळूच पाण्याला लावला आणि मागे घेतला, परत लावला. बास, एवढंच. पण मला तिथून हलवेना. हे मांजर पश्चिम बंगालचा राज्यप्राणी आहे, चिलिका सरोवराच्या आसपास, आंध्रच्या कोरिंगाच्या खारफुटीत राहतं, आणि आपल्यातल्या कितीजणांनी ते नावाने तरी ऐकलंय?

ह्याच ट्रेलवर बिंटुरॉंग. उदमांजराच्या कुळातला, काळा झुपकेदार, मांसाहारी गणातला असून मुख्यतः फळं खाणारा, त्यातही वडा-पिंपळाच्या जातीची. शेपटीने फांदी धरून खाली झुकतो तेव्हा ते शेपूट किती ताकदीचं आहे ते कळतं. आणि जवळ गेलात तर वास घ्या. लोक त्याला पॉपकॉर्नचा वास म्हणतात, मला आंबेमोहोराचा भात शिजताना येतो तसा आला, आणि ते खरंच एकच रसायन आहे, २-ॲसिटिल-१-पायरोलिन, बासमतीत आणि आंबेमोहोरात असतं तेच ह्याच्या मूत्रात सापडलंय.

आता हे सगळं एवढं भरभरून का लिहितोय, तर असे छोटे निशाचर प्राणी झूंमधून गुपचूप कमी होत चाललेत. लंडन झूने १९६७ मध्ये छोट्या सस्तन प्राण्यांसाठी क्लोअर पॅव्हेलियन नावाची इमारतच बांधली होती, तळघरात दिवस-रात्र उलटी केलेली, म्हणजे निशाचर प्राणी दिवसा जागे दिसावेत, आज त्या इमारतीत रेनफॉरेस्टचं प्रदर्शन आहे, निशाचर प्राणी तळघरात तेवढे उरलेत. युरोपियन युनियनमध्ये २०१६ पासून रकून आणि त्याचा लांब नाकाचा नातलग कोआटी हे आक्रमक प्रजातींच्या (म्हणजे बाहेरून येऊन स्थानिक जीवांना त्रास देणाऱ्या) यादीत आहेत, त्यामुळे असलेले प्राणी मरेपर्यंत ठेवायचे पण पिल्लं होऊ द्यायची नाहीत. बाकीचे प्राणी कायद्याशिवायच कमी होतात. दोन-तीन झूंमध्ये मिळून पाच-सहा उदमांजरं किंवा जेनेट (त्याच कुळातला ठिपक्यांचा सडपातळ प्राणी), सगळी एकमेकांची नातलग, नवीन रक्त आणायचं तर परवानग्यांची लांबलचक प्रक्रिया, मग मोठी झू ठरवतात की ही प्रजाती आता वाढवायची नाही, शेवटचं जनावर म्हातारं होऊन जातं आणि त्या जागी मीरकॅट येतात. जागा मर्यादित असते, मान्य, पण हत्तींसाठी जो खर्च होतो त्याच्या किती छोट्या तुकड्यात हे छोटे प्राणी नीट सांभाळता येतील! आणि गंमत नाही, दुःखाची गोष्ट आहे, की तीच उदमांजरं इंडोनेशियात लुवाक कॉफीसाठी (त्यांनी खाऊन विष्ठेतून टाकलेल्या बियांची महागडी कॉफी) मात्र पिंजऱ्यात कोंडलेली आहेत.

काही प्राण्यांची तर वेळच निघून गेलीय. मलबार सिव्हेट, उदमांजराच्याच कुळातला, आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागातला, १९८७ मध्ये केरळात निलंबूरजवळ त्याची कातडी मिळाली, आज जगातल्या एकाही झूमध्ये तो नाही. तो मुळात वेगळी प्रजाती आहे का ह्यावरच शास्त्रज्ञांचा वाद आहे आणि तपासायला जिवंत प्राणीच नाही.

आपल्याकडची वाघाटी घ्या. जेमतेम एक-दीड किलोचं मांजर, आशियातलं सगळ्यात लहान. जुन्नर भागात ऊसतोडणीत तिची पिल्लं सापडतात आणि लोकांना वाटतं बिबट्याचे बछडे, घबराट होते, मग वनखातं आणि वाइल्डलाइफ एसओएस ह्या वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेची माणसं येऊन पिल्लं परत आईजवळ पोचवतात. ज्या शेतकऱ्याच्या उसात ती राहते त्याने तिला कधी नीट पाहिलेलंच नसतं, मग ओळखणार कशी? लहानपणी सहलीला गेल्यावर वाघासमोर अर्धा तास आणि वाघाटीसमोर पाच मिनिटं उभं केलं असतं तरी पुष्कळ होतं. आपल्या एका झूमध्ये (नाव देत नाही) उदमांजराचा पिंजरा बघितला, पाटी पुसट, आत उजेड नाही, प्राणी कोपऱ्यात, आणि लोक "मुंगूस आहे" म्हणून पुढे.

जायचं असेल तर तिकीट ऑनलाइन, वेळेचा स्लॉट घेऊनच. सुरुवातीला सगळी गर्दी ट्रॅमच्या रांगेत असते, तेव्हा सरळ फिशिंग कॅट ट्रेल गाठा, मग लेपर्ड ट्रेल, आणि ट्रॅम शेवटी ठेवा, रात्री उशिरा रांग ओसरते. लहान मुलं असतील तर आधीच सांगून ठेवा की एकेका ठिकाणी थांबायचंय. आई-बाबा सोबत असतील तर रस्ते पक्के आहेत, हळूहळू चालता येतं, अंधार असला तरी ठेच लागेल असं काही नाही. आणि बिंटुरॉंग शोधताना वरच्या फांद्या बघा, खाली शोधत बसाल तर सापडणार नाही.