एचपी ३५५डी अ‍ॅटेन्युएटर, जुन्या टेकट्रॉनिक्स ४६५ सोबत नऊ महिने

जुना एचपी ३५५डी (सिग्नल ठराविक प्रमाणात कमी करणारा डबा) घेतला त्याला आता नऊ महिने होतील, ० ते १२० डीबी (डेसिबल, २० म्हणजे व्होल्टेज दहापट कमी), दहा-दहाच्या स्टेपने, आणि वजन असं की टेबलावरून सरकत नाही. माझा स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) टेकट्रॉनिक्स ४६५, १०० मेगाहर्ट्झवाला.

पहिल्याच दिवशी घोळ. बॉक्स थेट स्कोपला लावला तर रीडिंग सरळ दुप्पट, मला वाटलं डबा खराबच आलाय, नंतर ट्यूब पेटली की ४६५ चं इनपुट १ मेगओहम आहे आणि या बॉक्सला पुढे ५० ओहमच पाहिजेत. टेकट्रॉनिक्सच्याच ४८५ स्कोपमध्ये ५० ओहम आतच मिळतात, ४६५ वाल्यांनी सोय स्वतः करायची. मी बीएनसी टी (केबलला फाटा देणारा कनेक्टर) आणि जुन्या कोॲक्स इथरनेटचा ५० ओहमचा टर्मिनेटर लावला, काम झालं. फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीला फार विश्वास ठेवू नका, स्कोपच्या इनपुटचे २० पीएफ (पिकोफॅरड, कॅपॅसिटन्स) १०० मेगाहर्ट्झला त्या ५० ओहमला समांतर साधारण ८० ओहमसारखे वागतात, मग कसली टर्मिनेशन!

खरा फायदा मात्र वेगळाच निघाला. स्कोप ५० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर ठेवून सिग्नल सहा डिव्हिजन (स्क्रीनवरचे चौकोन) उंच सेट करा, बॉक्सवर २० डीबी टाका, स्कोप ५ मिलिव्होल्टवर आणा, परत सहाच दिसायला पाहिजेत. चॅनल एकला दिसले, दोनला साडेपाच. बॉक्स तोच, केबल तीच, म्हणजे चोर स्कोपमध्येच होता. स्कोपच्या आतल्या स्विचच्या कॉन्टॅक्टमधून आयसोप्रोपिलने ओलसर केलेली कागदाची पट्टी हळूच ओढली (स्प्रे अजिबात मारू नका, ते कॉन्टॅक्ट फार नाजूक असतात), आता दोन्ही चॅनल जुळतात. हे मला प्रोबने कधीच कळलं नसतं.

तक्रार एकच. बॉक्सला महिनाभर हात लावला नाही की ३० डीबीला ट्रेस उड्या मारतो, नॉब पन्नासेक वेळा फिरवला की गप्प बसतो. आणि बॉक्सचं लिमिट फक्त अर्धा वॅट आहे, म्हणजे ५० ओहमला ५ व्होल्ट आरएमएस (प्रभावी व्होल्टेज), त्यामुळे पाच वॅटचा ट्रान्समीटर सरळ जोडायची हौस असेल तर आधी मोठा पॉवर अ‍ॅटेन्युएटर लावा. मी नॉबच्या शेजारी टेपवर "५ व्होल्ट!!" असं लिहून चिकटवलंय, दिसायला घाण दिसतं पण राहू दे.