रोझ की सूकी? ट्वायलाइटनंतर कुठली व्हँपायर सिरीज धरायची

"मामा, ट्वायलाइट संपलं, आता काय?" भाचीने विचारलं तेव्हा तिची दहावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि तिला सुट्टीभर पुरेल असं काहीतरी हवं होतं. त्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मॅडमनीही जवळपास हेच विचारलं, फक्त त्यांचं म्हणणं होतं की शाळा-कॉलेजातल्या पोरांचं नको, जरा मोठ्यांचं सांगा. दोघींसमोर मी दोनच नावं ठेवली. एक व्हँपायर अकॅडमी आणि दुसरी सूकी स्टॅकहाउसची सिरीज, जिचं खरं नाव सदर्न व्हँपायर मिस्ट्रीज. दोन्ही मी शेवटपर्यंत वाचल्यात, बहुतेक डोंबिवली ते सीएसएमटी जाता-येता, त्यामुळे जे लिहितोय ते त्या वाचनातूनच आलेलं आहे, तुमचं मत वेगळं पडू शकतं.

व्हँपायर म्हणजे काय, दात कुठे, ऊन लागलं की काय होतं हे परत सांगत बसत नाही. पण या दोन सिरीजमधले व्हँपायर एकमेकांपासून इतके लांब आहेत की तेवढं बोलावं लागेल.

रिशेल मीडच्या व्हँपायर अकॅडमीत दोन जाती आहेत. मोरोई म्हणजे जिवंत व्हँपायर, जन्माला येतात, म्हातारे होतात, मरतात, रक्त पितात पण ते स्वखुशीने रक्त द्यायला तयार असलेल्या माणसांचं, आणि प्रत्येकाला पृथ्वी, पाणी, वारा, अग्नी यातली एक जादू येते. स्ट्रिगोई म्हणजे मेलेले, अमर आणि क्रूर. ही दोन्ही नावं रोमानियातल्या लोककथांमधून घेतलेली आहेत. मधे धाम्पिर, अर्धे माणूस अर्धे व्हँपायर, ज्यांचं काम आयुष्यभर मोरोईंचं रक्षण करायचं. रोझ हॅथवे ही सतरा वर्षांची धाम्पिर, तिची जिवलग मैत्रीण लिसा ही राजघराण्यातली मोरोई, तिच्या घराण्यातली शेवटची. दोघी मोंटानातल्या शाळेतून दोन वर्षं पळून गेलेल्या असतात आणि पहिल्याच प्रकरणात पकडल्या जातात. रोझला लिसाच्या मनात काय चाललंय ते आतून कळतं, उलट नाही, आणि या एकतर्फी गोष्टीवर अख्खी सहा पुस्तकं उभी आहेत. 2007 ला पहिलं आलं, 2010 ला सहावं. तिथे विषय संपतो.

शार्लेन हॅरिसची सूकी लुइझियानातल्या बाँ ताँ नावाच्या काल्पनिक गावात वेट्रेस आहे. तिला लोकांच्या मनातलं ऐकू येतं आणि हा तिच्यासाठी रोजचा त्रास आहे, गिऱ्हाईक ऑर्डर देतंय आणि डोक्यात भलतंच बडबडतंय. व्हँपायरच्या मनातलं मात्र तिला काहीच ऐकू येत नाही, म्हणून पहिल्यांदा एक व्हँपायर बारमध्ये येऊन बसतो तेव्हा तिला काय वाटतं तर शांत वाटतं. प्रेमात पडायचं इतकं पटणारं कारण मी या प्रकारात दुसरीकडे वाचलेलं नाही. जपान्यांनी कृत्रिम रक्त बनवलंय म्हणून व्हँपायर उघडपणे समाजात आलेत, टीव्हीवर मुलाखती देतात, बार चालवतात. 2001 ते 2013, तेरा पुस्तकं, प्रत्येकात एक तरी खून किंवा गायब झालेलं माणूस आणि त्याचा छडा.

आता सूकीचं कौतुक आधी करतो कारण ते खरोखर करण्यासारखं आहे. तिचं घर जुनं आहे, पैसे कमी आहेत, दारापर्यंतच्या रस्त्यावरची खडी वाहून गेलीय, मालमत्तेचा कर भरायचाय. पडद्याआड कोणी हजार वर्षांचा व्हायकिंग व्हँपायर उभा असतो आणि ही उद्याच्या शिफ्टचा विचार करत असते. आपल्याकडे महिनाअखेरीला घर चालवणाऱ्या कुठल्याही बाईला ती लगेच कळेल. तिच्याकडे रोज एक नवा शब्द शिकवणारं कॅलेंडर आहे आणि ती तो शब्द दिवसभरात वापरायचा प्रयत्न करते, हे मला फार आवडलं, कारण मराठी मीडियममधून शिकून मी पण इंग्लिश असंच गोळा केलंय, वहीत एकेक शब्द लिहून. आजीचं पात्र तर काय सांगू. ती अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांच्या वंशजांच्या मंडळात असते आणि तिला कळतं की बारमध्ये आलेला तो व्हँपायर त्या युद्धात स्वतः लढलेला आहे, तर ती त्याला मंडळात भाषण द्यायला बोलावते! हे वाचून मी लोकलमध्ये मोठ्याने हसलो होतो.

आणि तिथलं जग खऱ्या काळासोबत चालतं. 2005 ला कट्रीना वादळ आलं, न्यू ऑर्लीन्स बुडालं, आणि 2007 च्या सातव्या पुस्तकात त्याचा फटका लुइझियानाच्या व्हँपायर राणीलाही बसलेला आहे, तिचा पैसा गेलाय, माणसं गेलीत, बाकीचे तिच्या राज्यावर टपलेत. कल्पनेतल्या गोष्टीत असं खरं दुःख आणणं सोपं नसतं.

मग अडलं कुठे?

पाचवं पुस्तक संपवून मी सहावं उघडलं. थोडं पुढे गेलो तर कळलं की सूकीची आतेबहीण हॅडली, जिचा आधी फक्त कुठेतरी उल्लेख होता, ती व्हँपायर झाली होती, राणीच्या जवळची होती आणि आता मेलीय, आणि सूकीला तिच्या घरातलं सामान आवरायला न्यू ऑर्लीन्सला जायचंय. आणि हे सगळं असं लिहिलंय की जणू मला माहीतच आहे. कोण आलं होतं सांगायला, त्या रात्री काय झालं, सगळं "तेव्हा झालं तसं" या सुरात. मी पुस्तक उलटून पाहिलं, मागची यादी पाहिली, आणि इथे आणखी एक भानगड म्हणजे तेराच्या तेरा पुस्तकांच्या नावात "डेड" आहे, डेड अंटिल डार्क, क्लब डेड, डेड अ‍ॅज अ डोअरनेल, डेफिनिटली डेड, त्यामुळे आपण कुठलं वाचलंय आणि कुठलं नाही हे नावावरून आठवत नाही. माझी खात्रीच पटली की मधलं एक राहिलं. सगळी सेकंडहँड घेतलेली, त्यामुळे संशय विक्रेत्यावर गेला, शनिवारी मुद्दाम परत त्याच्याकडे गेलो, त्याने बिचाऱ्याने गठ्ठा काढून दाखवला, तसलं पुस्तकच नव्हतं. घरी येऊन पाचव्याची शेवटची प्रकरणं परत वाचली. तिथेही काही नाही. दोन-तीन आठवडे सहावं तसंच बॅगेत पडून राहिलं.

शेवटी आमच्या लायब्ररीत भेटणाऱ्या एका बाईंनी सांगितलं की ती रात्र एका छोट्या कथेत आहे, आणि ती कथा 2005 मध्ये वेगवेगळ्या लेखकांच्या एका कथासंग्रहात आली होती. म्हणजे कादंबरीच्या वाचकाला कळायलाच हवी अशी गोष्ट कादंबरीच्या बाहेर, आणि आत कुठे धड एक ओळ नाही की बाबा रे, हे तिकडे वाच.

लेखिकेचा हेतू वाईट होता असं मी अजिबात म्हणत नाही, कथासंग्रहासाठी कोणी कथा मागितली की लेखक आपल्याच पात्रांची लिहिणार, साहजिक आहे. 2009 मध्ये अशा पाच कथांचं वेगळं पुस्तकही आलं, अ टच ऑफ डेड, त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याला माझ्याइतका त्रास होणार नाही. पण त्या पाच कथा एका जागच्या नाहीत, वेगवेगळ्या भागांच्या मधे बसतात, म्हणजे कादंबरी संपवा, कथांचं पुस्तक काढा, एक कथा वाचा, ते ठेवा, पुढची कादंबरी घ्या. ज्यांना वह्या करून वाचायची आवड आहे त्यांना हे जमेल. मला ते जड गेलं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतर सूकीवर माझा पूर्ण विश्वास बसला नाही. आठव्या भागात तिच्या पणजोबांसारखं एक मोठं नातं समोर येतं तेव्हाही पहिला विचार हाच आला की हे आधी कुठे वेगळीकडे सांगून झालंय का. नव्हतं झालं. पण तो संशय एकदा मनात शिरला की गोष्टीत बुडता येत नाही.

वेताळ पंचविशी आठवा. (रिचर्ड बर्टनने 1870 मध्ये तिचं इंग्लिश केलं तेव्हा वेताळाला व्हँपायरच म्हटलं होतं, आपला वेताळ रक्त पीत नाही तरी.) तिथेही प्रत्येक गोष्ट वेगळी आणि वेताळ दरवेळी झाडावर परत जातो, पण राजा ज्या झाडाकडे जातो ते एकच आहे. मला सहाव्या भागात झाडच सापडेना.

रोझकडे हे होत नाही. सहा पुस्तकं, एक ते सहा, आणि जे घडतं ते त्या सहांतच घडतं. पहिल्या भागात शाळेतल्या भांडणासारखी वाटलेली गोष्ट चौथ्यात येऊन उभी राहते. लिसाला चारपैकी कुठलीच जादू नीट का येत नाही हा प्रश्न पहिल्या पुस्तकात सुरू होतो आणि त्याची किंमत दोघींना शेवटपर्यंत मोजावी लागते. मारलेल्या प्रत्येक स्ट्रिगोईमागे धाम्पिरच्या मानेवर एक खूण गोंदतात, आणि रोझला पहिली खूण मिळते तो प्रसंग तुम्ही नुसत्या आनंदाने वाचूच शकणार नाही, कारण ती कशी मिळाली ते तुम्ही स्वतः पाहिलेलं असतं, कोणी नंतर येऊन सांगितलेलं नसतं. आणि मुख्य गोष्ट प्रेमाची नाही, मैत्रीची आहे. धाम्पिरांना लहानपणापासून शिकवतात की आधी ते, म्हणजे आधी मोरोई, मग आपण. रोझ हे मानते, मनापासून मानते, आणि मग हळूहळू तिला प्रश्न पडायला लागतो की मग माझं काय. घरात "आधी बाकीचे जेवू देत" ऐकत वाढलेल्या मुलींना हे वेगळं समजवावं लागत नाही, माझ्या भाचीने तर दुसऱ्या दिवशी फोन करून हेच सांगितलं.

त्रास इथेही आहेत. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मोरोई कोण, स्ट्रिगोई कोण हे परत सांगतात, सूकीतही तेच आहे, दोन्हीकडे ती पानं मी भराभर उलटली. पाचवा भाग मधे जरा रेंगाळतो. आणि एक गोष्ट पालकांनी माहीत असूनच द्यावी, रोझचं प्रेम तिच्या ट्रेनरवर आहे, ती सतरा आणि तो चोवीस. पुस्तक हे चुकीचं आहे हे लपवत नाही, दोघांनाही ते माहीत आहे, तरी मी भाचीशी त्यावर आधी बोललो. लिसा पहिल्या भागात स्वतःला जखमा करून घेते, तेही सांगितलं. माझ्या अंदाजाने चौदा-पंधराच्या पुढे ठीक आहे. सूकी मात्र सरळ मोठ्यांची, बेडरूममधलं मोकळं लिहिलेलं आहे आणि लहानपणी घरातल्याच माणसाकडून झालेल्या अत्याचाराचा उल्लेख आहे, त्यामुळे शाळेतल्या मुलांना ती देऊ नये असं मला वाटतं.

पडद्यावरचं बघून ठरवू नका, एवढी विनंती. सूकीवरची टीव्ही मालिका ट्रू ब्लड 2008 ते 2014 चालली, चांगली चालली, पण सूकीची पुस्तकं त्यापासून बरीच वेगळी आहेत, मालिकेत शेवटपर्यंत दिसणारं एक लाडकं पात्र पुस्तकात दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच मेलेलं सापडतं. व्हँपायर अकॅडमीचा 2014 चा सिनेमा मला जमलेला वाटला नाही, 2022 ची मालिका एका सीझनमध्ये बंद झाली. दोन्हीत रोझ-लिसाची ती आतली ओढ पुस्तकाइतकी उतरत नाही.

तर ऑफिसातल्या मॅडमना मी काय सांगितलं? त्यांना खुनाच्या गोष्टी आवडतात, एकेक पुस्तक सुटं वाचायला आवडतं, मधे महिनाभर गॅप पडला तरी चालतं, म्हणून सूकी सुचवली, पाचव्या आणि सहाव्याच्या मधे ती कथा वाचा असं चिठ्ठीवर लिहून दिलं. पण सोबत रोझचा पहिला भागही दिला, शाळेतल्या पोरींचं आहे म्हणून सोडू नका म्हटलं. पंधरा दिवसांनी त्यांनी दुसरा मागितला. सूकीचं काय झालं ते मी विचारलं नाही.

भाचीला सरळ रोझ. फक्त एक सांगून ठेवतो, ब्लडलाइन्स नावाची पुढची सहा पुस्तकं आहेत, 2011 पासूनची, तीही छान आहेत, पण चुकून ती आधी घेऊ नका, पहिल्या सहांचा शेवट त्यांच्या पहिल्या काही पानांतच कळतो. आणि व्हँपायर अकॅडमीचे सुटे भाग घेत असाल तर तिसरा आणि चौथा एकदमच घ्या. मी तिसरा रविवारी रात्री साडेअकराला संपवला होता आणि चौथा घरात नव्हता.