लेकीचं घर ७,५६० किलोमीटरवर: अंतर मोजणाऱ्या अ‍ॅपबद्दल

माझी लेक इंग्लंडात रेडिंगला असते. यंदा चवथ झाल्यावर आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो. निघण्याआधी आठवडाभर मी विमानतळांमधलं अंतर आणि वेळ सांगणारं हे अ‍ॅप रोज उघडत होते, ते ह्यांच्या इन्सुलिनसाठी. डॉक्टर म्हणाले होते, घर सोडल्यापासून पोचेपर्यंतचे तास लिहून आणा, मग वेळा ठरवू.

अंतराला पूर्ण गुण. फोंड्याच्या शाळेत भूगोल शिकवताना मी पृथ्वीगोलावर दोरा ताणून मुलांना सगळ्यांत जवळची वाट दाखवायचे. अ‍ॅप तेच गणित करतं. गोव्यातल्या मोपा विमानतळापासून लंडनच्या हीथ्रोपर्यंत सुमारे ७,५६० किलोमीटर. मात्र नुसतं ‘गोवा’ लिहिलं की ते दाबोळी, म्हणजे गोव्याचा जुना विमानतळ, धरतं आणि ७,५९० दाखवतं. ३० किलोमीटर म्हणजे विमानाची दोन मिनिटं, पण फोंड्याहून निघणाऱ्याने कुठल्या रस्त्याला लागायचं, हे त्यावर ठरतं. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू आहे. तेव्हा ‘गोवा’ लिहिल्यावर अ‍ॅपने कुठला, असं विचारायलाच हवं. तोवर जीओएक्स हा मोपाचा कोड टाका.

मधला थांबा घालून पाहता येतो, हे मला फार आवडलं. आमची तिकिटं दोहामार्गे होती. लेकीला वाटत होतं, केवढा वळसा! मी घालून पाहिलं: मोपा ते दोहा साधारण २,५४० आणि पुढे हीथ्रोपर्यंत ५,२४०. थेट वाटेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त, कारण दोहा त्या ताणलेल्या दोऱ्यापासून बाजूला असलं, तरी एवढ्या लांबच्या वाटेत तेवढ्या वळशाने अंतर फारसं वाढत नाही. दिल्लीमार्गे घातलं तर सहाशेच्या वर वाढतात.

वेळेवर मात्र विसंबू नका. अ‍ॅप अंतराला ताशी ८०० ने भागतं आणि साडेनऊ तास सांगून मोकळं होतं, जाताना तेवढेच, येताना तेवढेच. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. लंडनला जाणारं विमान त्यांच्या विरुद्ध जातं, परतताना तेच वारे मागून ढकलतात, म्हणून येताना तासभर तरी वाचतो. शिवाय आकाशातल्या वाटा बंद होतात. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानचं आकाश बंद झालं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं खालून अरबी समुद्रावरून वळून जाऊ लागली. अ‍ॅपच्या रेघेत यातलं काहीच दिसत नाही.

मी शेवटी वहीत लिहिलं ते असं: फोंडा ते मोपा दीड तास, विमानतळावर तीन, दोहापर्यंत चार, तिथे साडेतीन, पुढे सव्वासात, उतरल्यावर तपासणी आणि गाडी मिळून दोन. सव्वाएकवीस तास. डॉक्टरांनी या हिशेबावर सगळ्या वेळा भारताच्या घड्याळाप्रमाणे लिहून दिल्या आणि ह्यांनी हातातलं घड्याळ रेडिंगला पोचेपर्यंत बदललं नाही. तिथल्या उन्हाळी वेळेमुळे फरक साडेपाचऐवजी साडेचार तासांचा, हे अ‍ॅपने बरोबर दाखवलं होतं.

चार तारे देते. मोपा आणि दाबोळी वेगळे विचारू लागलं की पाचवाही देईन.