स्केनफ्रिथ की व्हाइट कॅसल?

वेल्स-इंग्लंड सीमेवरच्या या दोन किल्ल्यांपैकी कुठला बघावा? स्केनफ्रिथ गाव इवलंसं, आणि त्याचा किल्ला मनो नदीकाठचा भुईकोट. ह्यूबर्ट द बर्ग या बड्या इंग्रज सरदारानं तो 13व्या शतकात नव्यानं बांधला. चौकोनी तटाच्या मधोमध एकटा गोल बुरूज उभा आहे. जवळच्या सेंट ब्रिजेट चर्चमध्ये 15व्या शतकातलं भरतकामाचं धर्मवस्त्र जपलंय, ते चुकवू नका.

व्हाइट कॅसल मात्र टेकडीवर. एकेकाळच्या पांढऱ्या गिलाव्यावरून हे नाव पडलं. पाण्यानं भरलेला खंदक आजही आहे. पुलावरून आत शिरताना जुळे बुरूज अंगावर येतात, आणि सीमेवरच्या इंग्रज-वेल्श लढायांची जुनी धास्ती खरी वाटू लागते.

मुलं सोबत असतील तर स्केनफ्रिथ. एकच किल्ला बघायचा असेल, तर मी व्हाइट कॅसलच निवडेन.